दोन नद्यांमधली माती

दोन नद्यांच्या मधली ती जमीन म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. पूर यायचा, गाळ टाकून जायचा, आणि वस्ती आणखी थोडी पुढे सरकायची. नव्या लोकांना प्लॉट मोजून द्यायला तिच्या नवऱ्याची नेमणूक झाली, तशी रांगतं बाळ कडेवर घेऊन तीही आली.

"इथं आलेलं माणूस परत जात नाही हं," शेजारच्या शिवणवाल्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"एवढं चांगलं आहे?"

"माती चांगली आहे." काकूंनी दोरा दातांनी तोडला.

घरं सगळी दगडी जोत्यावर. अंगणातल्या खाटांचे, बाकांचे पायसुद्धा पत्र्याच्या ताटल्यांत. मुंग्यांसाठी असेल, असं तिला वाटलं. पण मुंगी औषधालाही दिसेना. मग परसात ठेवलेल्या त्यांच्या स्टुलाच्या पायाला पान फुटलं.

"ओलं लाकूड असेल," नवरा हसला. "इथं तुझ्या शंकांनाही फांद्या फुटतात!" गाळात बूट रुततात म्हणून तो हल्ली अनवाणीच हिंडायचा. पायांना बरं वाटतं, म्हणायचा.

त्या दुपारी ती कपडे वाळत घालत होती. बाळाला एका जागी बसवणं म्हणजे बेडूक तराजूत तोलणं. म्हणून तर ती शांतता तिला खुपली. तिनं वळून पाहिलं. बाळ पायरी उतरून मातीत बसलं होतं, उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून.

तिनं उचललं. ते उचललं जाईना. जोर लावला तेव्हा मुळा उपटताना होतो तसा बारीक आवाज झाला. बाळाच्या पायांच्या तळव्यांना पांढरे, ओले तंतू लोंबत होते.

ती धावत काकूंकडे गेली. काकूंनी बाळाचे तळवे उलटून पाहिले. कात्री घेतली आणि उसवलेली शिवण काढावी तसा एकेक तंतू कापला. "कोवळे आहेत अजून. आजच्या आज पूल ओलांड, पोरी."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

काकूंनी खिडकीबाहेरच्या डेरेदार झाडाकडे पाहिलं. त्याच्या बुंध्याशी रोज एक कप चहा ठेवलेला तिनं पाहिला होता. "ह्यांना टाकून कशी जाऊ?"

काकूंची कात्री मुठीत धरून, बाळाला घेऊन ती शेतात पळाली. मोजणीची टेप हातात घेऊन नवरा उन्हात उभा होता. डोळे मिटलेले.

"चल, आत्ताच्या आत्ता निघायचंय!"

"हो गं," तो मायेनं म्हणाला. "तू हो पुढे. मी आलोच."

पाय घोट्यापर्यंत मातीत होते. बाळाला खांद्यावर टाकून तिनं वाकून हाताने माती उकरली. खाली अंगठ्याएवढं जाड काहीतरी लागलं. त्यावर कात्री नुसतीच घसरली.

"अगं, गुदगुल्या होतात," तो खुदकन हसला.

तिनं पुन्हा कात्री लावली, पुन्हा. तेवढ्यात बाळ खांद्यावरून खाली घसरलं आणि त्यानं पायाची बोटं मातीकडे ताणली. तिच्या स्वतःच्या तळव्यांनाही गार, बरं वाटायला लागलं होतं.

तिनं झटक्यात पाय उचलला. बाळाला छातीशी गच्च धरलं आणि ती पुलाकडे निघाली.

"आलोच गं!" मागून हाक आली. त्याच जागेवरून.

ती थांबली नाही. थांबायचंच नव्हतं.