ज्याचा नारळ, त्याचा पूर्वज

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर आलं, असं ज्या मुलखात लहान पोरही सांगतं, तिथे सातबारा मागाहून येतो, आधी गोष्ट येते. गोष्ट ज्याची, जमीन त्याची. गोमा ठाकराला हे कळायला सत्तरी उलटावी लागली, आणि तेही कर्जतच्या प्रांत कचेरीत, बाकड्यावर बसून.

गोमाची वाडी खालापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. ठाकर आदिवासींची तीस घरं. वाडीच्या वर जुनी वाट आहे. बंदरावरचं मीठ बैलांच्या पाठीवरून याच वाटेने देशावर जायचं आणि चौकीवाले त्यावर जकात घ्यायचे. आता तिथून खाली महामार्गाचा टोलनाका दिसतो. वसुली चालूच आहे, फक्त बैल गेले. वाटेच्या तोंडाशी एक उभा दगड आहे, त्याला शेंदूर नाही. भाताची कापणी झाली की वाडी तिथे मिठाचा खडा ठेवते आणि गोमा गाणं म्हणतो.

गाणं एका वीराचं. गनीम वर चढला तेव्हा चौकी राखता राखता पडलेल्याचं. या वीराचं नाव मात्र दर वर्षी बदलतं. ज्या घरचा नारळ त्या साली दगडापुढे फुटतो, त्या घरच्या पूर्वजाचं नाव गोमा गाण्यात घालतो. शेवटी म्हणायचं, ‘आम्ही ठाकरं मागून आलो, तुझ्या सावलीला बसलो.’ नारळ आणणाऱ्याला मोठं करायचं आणि आपण लहान व्हायचं, अशी वाडीची रीत. एका वर्षी गोमाने दूधवाल्याच्या आज्याच्या हातातही तलवार दिली होती. दूधवाला हसला, प्रसाद घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी दुधात पाणी घालायचं काही विसरला नाही.

तीन वर्षांपूर्वी नारळ आणला तो खालच्या गावच्या साईनाथशेठने. घरची भातखाचरं विकून झाल्यावर दुसऱ्यांची विकायला घेतलेला हा माणूस. शेलूपासून मोहोपाड्यापर्यंत त्याच्या प्लॉटचे फलक लागलेले, आणि आता त्याला जिल्हा परिषदेचे वेध लागलेले. गोमाने रीतीप्रमाणे त्याचा पूर्वज धर्माजी याला चौकीवर उभा केला. शेठच्या माणसाने ते सगळं मोबाईलमध्ये घेतलं. गोमाला तेव्हा बरंच वाटलं होतं. म्हातारपणी कोण कोणाचं गाणं एवढं मन लावून ऐकतं?

सहा महिन्यांत फलक लागला. वीर धर्माजी यांची समाधी. घोडा, तलवार, वर हात जोडलेल्या साईनाथशेठचा फोटो. मग स्मारकाचा ठराव झाला, गाड्या लावायला जागा आखली गेली आणि शेजारी रिसॉर्टची बोलणी सुरू झाली. वाडीने त्या डोंगरावर सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता. नाचणी-वरीचे उतार, मोहाची झाडं, कंद, लाकूड, वाडीचं सगळं जगणं त्यात होतं. त्या दाव्यावर शेठने हरकत घेतली. जागा आमच्या पूर्वजाच्या समाधीची, ठाकरं मागून आलेली. हा घ्या त्यांच्याच तोंडचा पुरावा.

म्हणून आज सुनावणी होती. दाव्याची फाईल गोमाच्या नातीने, ललिताने, तयार केली होती. मागच्या बाकावर वाडीतली माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांत धाऊ होता. किल्ल्यावर दर वर्षी मशाल घेऊन धावत जाणारा, मोटारसायकलवर किल्ल्याचं चित्र लावणारा पोरगा. पोरांना आताशा कुठे छाती काढून चालायला जमत होतं.

प्रांत मॅडमनी व्हिडिओ पाहिला. ‘आम्ही ठाकरं मागून आलो,’ गोमाचा आवाज खोलीभर झाला. गोमाला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

“बाबा, हे तुम्हीच ना?”

“मीच, मॅडम. पन ते गानं हाय. ज्याचा नारळ, त्याचं नाव घालतो आमी. त्याच्या आदल्या साली दुसऱ्याचं व्हतं.”

साईनाथशेठ उठून उभा राहिला. “आता उलटतायत, मॅडम. गोमाबाबा, देवापुढं गायलंत ना? मंग देवापुढं खोटं गायलंत?”

 खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. रीतीला खरं-खोटं असतं का? पण हे कोणत्या कागदावर लिहायचं?

मॅडमचा आवाज नरम होता. “बाबा, गाणं बाजूला ठेवू. वाडीच्या पूर्वजाची जागा असेल तर तो मोठा पुरावा आहे. म्हाताऱ्या माणसाचा जबाब कायद्याला चालतो. पण तुम्ही मला सांगायला हवं, त्या दगडाखाली आहे कोण?”

ललिता पुढे झुकली. “सांग ना, आजा. आपला कोनी हाय ना तिथं?”

तिला ठाऊक नव्हतं. वाडीत कोणालाच नव्हतं. गोमाच्या घरातला थोरला मरताना पुढच्या थोरल्याच्या कानात सांगतो, बस. गोमाने एकदा मागे पाहिलं. धाऊ डोळे लावून बसला होता. सांगितलं तर डोंगर राहील. पण या पोरांनी उद्या बाजारात कोणत्या तोंडाने फिरायचं? आणि नाही सांगितलं तर ही पोरं उभी तरी कुठे राहतील? 

“हाय,” तो म्हणाला. “आमचाच हाय. पन तो वीर नव्हं.”

खोलीत चुळबुळ झाली.

“गनीम आला त्या साली मीठ वर जायचं बंद झालं व्हतं. चौकीवाले आमाला चिमूटभर देईनात. वाडीत बाळंतिणी अळणी जेवल्या. तवा गनिमाचा मानूस आला. म्हनला, चोरवाट दाव, मिठाची गोन देतो. आमच्या त्या मानसानं दावली. चौकी कापली गेली, मानसं मेली. मंग वाडीनंच त्याला दगडं मारून मारला आनि तिथंच पुरला. आमी मीठ ठेवतो ते पूजा म्हनून नाय, मॅडम. आठवन ऱ्हावी म्हनून. गानं मागून रचलं. लाज झाकायला दुसऱ्यांची नावं लागतात.”

  धाऊ उठला आणि दार न लावता बाहेर निघून गेला. गोमाने ते पाहिलं. ही जखम भरायची नाही हे त्याला तिथेच कळलं.

मॅडमनी चष्मा काढला. “साईनाथराव, समाधी तुमच्या पूर्वजाची असं तुमचं म्हणणं आहे. ते कायम आहे?”

साईनाथशेठच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मतं मागायची तर घोडा हवा, तलवार हवी. वाट दाखवणारा आजा कोणाला हवा? त्याने वकिलाच्या कानात काही सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, “आमचा काय संबंध नाय, मॅडम. आमचा धर्माजी दुसरीकडं पडला असंल. हरकत मागं घेतो.”

तीन वर्षांचा वीर एका वाक्यात गेला.

कारकुनाने जबाब लिहायला घेतला. गोमा सांगत होता तसं तो लिहीत होता. ‘मिठाची गोण’ हे शब्द दोनदा विचारून लिहिले. शेवटी त्याने मान वर केली.

“त्या पूर्वजाचं नाव?”

“गोमा.”

“बाबा, तुमचं नाव वर लिहिलंय. त्याचं सांगा.”

“त्याचंच सांगतो. आमच्यात दर तिसऱ्या पिढीला थोरल्याला तेच नाव ठेवतात. त्याचं केलेलं कोनीतरी अंगावर घेऊन जगावं म्हनून.” गोमाने ललिताकडे पाहिलं नाही. “लिहा. गोमा. वाट दावनारा.”

कारकुनाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली, आणि त्याने लिहिलं.