गोड लागलेला गाळ

मी एक जुने घमेले आहे. तळ फाटलेले, एक कान तुटलेले, गोठ्यामागे पालथे पडलेले. माझी कीव करू नका, मित्रांनो. माझ्या हातून काय झाले ते ऐकलेत, तर तुम्हीही मला लाथ माराल.

एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले. बारकीच्या बापाने दुकानात टिचकी मारली, आवाज खणखणीत आला, म्हणून मला निवडले. घरात चौघे होते : तो, त्याची बायको, त्याची आई आणि चार वर्षांची बारकी. मी शेण उचलले, खत वाहिले, विटा वाहिल्या. दुपारी बारकी माझ्यात बसायची आणि तिची आजी दोरी बांधून मला अंगणभर ओढायची. तेवढे सुख मला पुरे होते.

दर उन्हाळ्यात तळे आटले की त्यातला गाळ शेतात टाकायचा, हा त्या घरचा रिवाज. गाळ चांगला की वाईट हे आजी ठरवायची. चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि खारट लागला तर थुंकून टाकायची. शेजारपाजारचेही तिच्याच शब्दावर चालायचे. पण एका वर्षी तळ्यात गाळ उरलाच नाही. वरच्या अंगाला खाण होती. तिथे दगड धुतलेले पाणी एका खड्ड्यात साठायचे. तो खड्डा सुकून तळाशी राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ राहिला होता. रखवालदार म्हणाला, हवा तेवढा न्या. मग काय, फुकट ते पौष्टिक! आजीने चिमूट चाखली.

"गोड आहे," ती म्हणाली. "टाका बिनघोर."

आणि तो मी वाहिला, मित्रांनो. दिवसाला साठ-साठ खेपा. घराजवळच्या वाफ्यांत ओल टिकली, पालेभाजी तरारली. बापाने मला घासून तेल लावले. मी असा फुगलो, जसे काही पीक मीच काढले होते. मूर्ख कुठला!

दोन वर्षांत बारकी कोमेजली. पोट दुखते म्हणून आडवी पडायची, जेवणाला नको म्हणायची. शाळेत गिरवलेले अक्षर दुसऱ्या दिवशी विसरायची. घरचे तिला आळशी म्हणायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, तर रक्तात शिसे निघाले. मग माती तपासली, तिच्यातही तेच. खाणीच्या दगडातले शिसे गाळात उतरले होते. आजीच्या जिभेला ते कसे कळणार? त्या दिवसापासून तिने कुणाची माती चाखली नाही. खाणवाल्यांनी कानावर हात ठेवले.

माती तपासणाऱ्याने बजावले : वरची वीतभर माती काढा, तोवर इथली पालेभाजी खाऊ नका. काढलेली माती टाकायची कुठे, हे मात्र त्यालाही सांगता येईना. बारकीच्या आईने एकटीने खरवडायला घेतले. ती माती भरून वाहताना माझा तळ फाटला. तेव्हा तिचा एक वाफाही पुरा झाला नव्हता.

मग बापाने तोडगा काढला. ती भाजी घरात बंद, बाजारात मात्र पाठवायची. बारकीपुरती भाजी बाजारातून आणायची.

"तीही कुणाची तरी पोरंच खाणार ना?" आईने विचारले.

"बाजारात कोण विचारतंय?" तो म्हणाला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसरे काय!

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. शिसे कमी व्हायचे सोडून वाढले होते. आई तडक बाजारात गेली आणि भाजीवालीला खोदून खोदून विचारून आली. गोठ्यापाशी तिने बसकण मारली.

"आपण आणतो ती भाजी पलीकडच्या शेतातली आहे," ती सासूला म्हणाली. "त्यांनीही तोच गाळ टाकलाय. आणि त्यांच्याही घरात ती कुणी खात नाही."

बापाने हे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जुड्या बांधल्या आणि तो बाजाराला गेला.

मित्रांनो, शहाणपण शिकवणारा मी कोण? विष तर मीच वाहिले. तरी सांगतो. शेतात पडणारी माती कुठून आली ते जाणत्याला विचारा. आणि जे आपण आपल्या लेकराला वाढत नाही, ते दुसऱ्याच्या ताटात ढकलू नका. बारकी आता आठ वर्षांची आहे. तिला अजून स्वतःचे नाव सलग लिहिता येत नाही.