ईटाचं वस्तुमान

वल्लरीने कपाटाच्या लोखंडी दारावर सहावी टिकली चिकटवली. षटकोन पुरा झाला. मग मधोमध आणखी दोन, एकमेकींना खेटून.

"हे आठ मेसॉन कण," ती दाराला म्हणाली. "सममिती पूर्ण असती, तर आठांचं वस्तुमान सारखं असतं. तसं ते नाही."

पलंगावर देवेश शर्टाचं बटण शिवत होता. दुपारी बाळकुमच्या कॉलेजात मुलाखत. जागा एक. बोलावणं नवराबायको दोघांनाही. शिकवून दाखवायचा विषयही तोच.

नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. तो डोंबिवलीत, ती कळव्यात. पुढची कायम जागा कधी निघेल, हे दोघांनी विचारायचं सोडलं होतं. कुणालाही लागू दे, घरातच येणार ना, असं सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या. दोघं हसले होते. वेगवेगळ्या खोल्यांत.

पायॉन हलके, केऑन जड. त्यांची वस्तुमानं समीकरणात घातली की मधल्या ईटा कणाचं वस्तुमान न मोजता सांगता येतं. वल्लरीने खडूने आकडे मांडले. उत्तर सहाशे सोळा. प्रयोगात पाचशे अठ्ठेचाळीस.

"सममिती मोडलेली आहे, म्हणून एवढा फरक राहतो," ती म्हणाली. मग वळली. "काही चुकत असेल तर आत्ताच सांग हां. तिथे तोंडावर पडायला नको."

देवेशने दोरा दाताने तोडला.

"नाही गं. मस्त झालं."

तिने ओल्या फडक्याने आकडे पुसले. टिकल्या तशाच ठेवल्या. खडू त्याच्यापुढे धरला.

"आता तू घे. मी ऐकते."

तो उठला. झोप नीट झाली नव्हती, हात सवयीनेच चालत होता. केऑन, पायॉन, ईटा. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटासा दोन.

"प्रोटॉनसारख्या बॅरिऑन कणांसाठी वस्तुमान सरळ घ्यायचं. मेसॉनसाठी मात्र त्याचा वर्ग. नवशिके इथेच चुकतात. वर्ग घेतला की ईटा येतो पाचशे सदुसष्ट, प्रयोगाच्या कितीतरी जवळ. म्हणजे..."

खडू दारावरच टेकलेला राहिला.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

वल्लरी पलंगावर बसली, पहिल्या बाकावरची मुलगी बसते तशी, हात मांडीवर ठेवून.

"म्हणजे काय, सर?" तिने हळूच विचारलं.