घोट्याच्या आतला उजेड

मित्रांनो, ज्वारीच्या काडीहून बारीक अशी मी एक जुनी दुर्बीण आहे. आकाशातले तारे मी पाहत नाही; मी माणसाच्या सांध्यात शिरून पाहते. माझ्या पोलादी नळीत इवलीशी भिंगे ओळीने बसवलेली आहेत, भोवती प्रकाश नेणारे काचतंतू आहेत आणि टोकाचे भिंग तीस अंशांनी तिरपे आहे. म्हणून मला जागच्या जागी फिरवले, तरी कोपऱ्यापलीकडचे दिसते आणि ते पडद्यावर मोठे होऊन उमटते.

शहरात सात वर्षे काम करून मी वाशीमच्या या रुग्णालयात आले. येथे पहिली दोन वर्षे मला कोणी हातही लावला नाही. घोटा मोडला, की एक्स-रे काढावा, हाडावर धातूची पट्टी बसवावी, टाके घालावेत, अशी रीत होती. मी पेटीतल्या खाचेत पडून असे. पुढे डॉक्टर ज्योत्स्ना आल्या आणि पेटी उघडली.

केनवडच्या तुळसाबाई मेथी-पालक पिकवून बाजारात विकतात. वाफ्याच्या ओल्या कडेवरून त्या घसरल्या. घोटा मुरगळला असे समजून दोन दिवस तेल चोळले. तिसऱ्या दिवशी पाय टेकेना. एक्स-रेत बाहेरच्या बाजूचे हाड मोडलेले दिसले. शस्त्रक्रियागृहाच्या दारातले बोलणे मी ऐकत होते.

"बाई, मले उकिडवं बसता आलं पाह्यजे," तुळसाबाई म्हणाल्या. "निंदन, काढणी, जुड्या बांधनं, समदं बसूनच. उभ्यानं मेथी उपटता येते काय?"

त्यांचे पती रामराव म्हणाले, "मॅडम, एक्स-रेमंदी हाड दिसलं ना? मंग ह्या नळीनं डबल कायले पाहून राह्यले?"

"काका, एक्स-रेत हाड दिसतं," डॉक्टर म्हणाल्या. "हाडाच्या टोकावरचं कूर्चेचं अस्तर दिसत नाही. ते सोललं असेल, तर हाड जुळूनही सांधा दुखत राहतो."

"पाहू द्या ना हो!" तुळसाबाई कडाडल्या. "पाय तुमचा हाय का माया?"

कंबरेखालचा भाग बधिर केला होता. त्या जाग्याच होत्या. घोट्याच्या पुढच्या बाजूने मी आत गेले. प्रथम सगळीकडे गढूळ लाल. सलाईनची धार सुरू झाली, रक्त निवळले, आणि मित्रांनो, हजारदा पाहूनही मी पुन्हा थक्क झाले. ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी, नितळ कूर्चा! जेमतेम दीड मिलिमीटरचा तो थर. पन्नास वर्षे त्याने या बाईंना डोक्यावरच्या टोपलीसकट पेलले होते.

"आगं माय! हे माया पायात हाय?" पडद्याकडे पाहत त्या पुटपुटल्या. "घरात बी इतकं लख्ख नाई."

डॉक्टरांनी मला हळूच फिरवले. आतल्या कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा एक तुकडा तरंगत होता आणि त्याच्या मूळ जागी हाड उघडे पडले होते. डॉक्टरांनी तुकडा चिमट्याने काढला. उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे तेथे नवे अस्तर धरेल. मूळच्याइतके चांगले नाही, पण कामापुरते. नंतर मोडलेल्या हाडावर पट्टी बसवली.

"मावशी, बसता येईलच, असं वचन देत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. मग रोज व्यायाम."



मित्रांनो, झिजलेले परत देण्याची शक्ती माझ्यात नाही. मी फक्त दाखवते. म्हणून पाय सुजला आणि टेकवेना, तर तेल चोळत दिवस घालवू नका. आणि माझ्यासारख्या नाजूक यंत्रावर जड अवजार टाकू नका. माझे एक भिंग तडकले, तर कुणाच्या तरी सांध्यातला असा तुकडा आतच राहून जाईल.

पाच महिन्यांनी तुळसाबाई तपासणीला आल्या. मला धुता धुता उज्ज्वला सिस्टर सांगत होत्या, "बसली ना मावशी, व्हरांड्यातच उकिडवी! उजवी टाच तेवढी जमिनीपासून दोन बोटं वर राहते. डॉक्टर मॅडम वाकून पाहत बसल्या, तर मावशी म्हणते, पाहता काय बाई? तेवढ्या फटीतून माया वाफ्यातलं पानी जाईन!"