साखळी काढलेली गाडी

मित्रांनो, माझ्या अंगावरचा निळा रंग सगळा माझा नाही. डावी बाजू माझी स्वतःची, उजवी बाजू भंगारातल्या कुठल्या तरी गाडीची. मी विजेवर चालणारी एक जुनी दुचाकी. कागदावर माझं नाव इलेक्ट्रिक बाईक, पण सोलापुरात मला सगळे 'चार्जिंगची गाडी' म्हणतात.

माझी मालकीण मीनाबाई. बुधवार पेठेत राहतात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडांना शिलाई मारतात. मशीन चालवून चालवून त्यांचे गुडघे गेले होते. रिक्षातून उतरल्यावर कारखान्यापर्यंत चालतानाही वाटेत टेकावं लागायचं. त्यांची लेक प्रतिक्षा दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिनं सर्वांत आधी मला घरी आणलं.

विहारासमोरच्या मोकळ्या जागेत ती आईला शिकवायची. मी सुरू झाले तरी मीनाबाईंना कळायचं नाही. "अगं, आवाजच न्हाय की हिला!" म्हणत त्या लहान मुलीसारख्या हसायच्या.

"आवाज न्हाय म्हणूनच जपायची, आई. कुणी नेली तरी ऐकू येणार न्हाय," प्रतिक्षा म्हणाली. तिनं बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी आणि कुलूप आणलं. "हँडलचं लॉक एकटं पुरत न्हाय. साखळी चाकातून ओवून खांबाला बांधायची. आणि गाडीची चावी कुणाच्या हातात द्यायची न्हाय."

कारखान्याच्या दारावर रुद्रप्पा राखणदार होते. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले, कानडी बोलणारे. मीनाबाईंना ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. पत्र्याच्या सावलीत, अगदी आपल्या खुर्चीजवळ त्यांनी मला जागा करून दिली. सीट तापू नये म्हणून विणीत दोष राहिलेला एक टॉवेल ते माझ्यावर टाकायचे. इतकी माया माझ्यावर पुढं कुणी केली नाही.

साखळीची मात्र सगळ्यांनी थट्टा मांडली. "काय मीनाबाई, म्हशीला दावं बांधल्यागत बांधताय की!" बायका हसायच्या. मागांची दुरुस्ती करणारा नवनाथ तर एकदा जेवणाच्या सुट्टीत सर्वांसमोर म्हणाला, "आमच्यात कोण चोर हाय व्हय? एका ताटात जेवायचं आन् कुलूप बी लावायचं?"

मीनाबाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून साखळी डिकीतच राहू लागली.

रुद्रप्पांनी समजावलं. "तंगी, बांध की. लोक बोलतेत म्हणून गाडी उघडी ठेवू नये."

"नावं ठेवत्यात, काका. लई वंगाळ वाटतं," त्या म्हणाल्या.

पुढं नवनाथ मला मागून नेऊ लागला. बायकोचं औषध आणायचंय, मागाचा बेल्ट आणायचाय, कारणं तयार असायची. मीनाबाईंच्यानं नाही म्हणवेना. अशाच एका फेरीत तो चावीवाल्याच्या टपरीपाशी थांबला आणि माझ्या चावीची जोडचावी करून घेतली. मित्रांनो, मी सारं पाहत होते. मला दिवा आहे, हॉर्न आहे, पण तोंड नाही.

एका रणरणत्या दुपारी सुताचा टेम्पो आला. माल उतरवून घ्यायला कारखान्याच्या मालकांनी रुद्रप्पांना मागच्या बाजूला बोलावलं. तेवढ्यात नवनाथ आला. जोडचावीनं हँडल सोडवलं आणि मला दाराबाहेर काढलं. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांच्या हाती देऊन तो परत आत गेला. शिलाईच्या मशीनवर बसलेल्या मीनाबाईंना काहीच ऐकू आलं नाही.

त्या दोघांनी मला छोट्या टेम्पोत आडवं टाकून मोडनिंब गावाला नेलं. एका शेडमध्ये माझी सीट फोडली, तारा तोडल्या आणि बॅटरी उपसून काढली. बॅटरी म्हणजे माझा जीव. तो दुसऱ्याच दिवशी विकला गेला. उजव्या बाजूचा पत्रा मोडला. मी तिथं अंधारात धूळ खात पडले.

इकडं जे घडलं ते मला नंतर मायलेकींच्या बोलण्यातून कळलं. ते ऐकताना तुटलेल्या तारांचं दुःख मी विसरले.

गाडी गेली म्हटल्यावर मालकांनी रुद्रप्पांना सर्वांसमोर उभं केलं. "मालक, तुमीच मला मागं बोलावला की," ते सांगत राहिले. आपली चूक ऐकायला मालक तयार नव्हते. सगळ्यांत मोठा आवाज नवनाथचा होता. "दारावर माणूस असताना गाडी जाती कशी? म्हातारा सामील असणार!"

पोलीस आले. "बाई, तुमचा कुणावर संशय?" त्यांनी विचारलं.

मीनाबाई रडत होत्या. नवनाथच्या हाती चावी कितीदा दिली, हे त्यांना आठवलं नाही असं नाही. पण त्याचं नाव घेतलं तर सारा कारखाना तोंड फिरवेल, ही भीती वाटली. "दारावर रुद्रप्पा होते," एवढंच त्या म्हणाल्या.

तेवढं पुरलं. कारखान्याच्या दाराशीच राहणाऱ्या रुद्रप्पांची वळकटी भर अंगणात उलगडून झाडली गेली. त्यातून एक स्वेटर आणि नातवासाठी जपून ठेवलेला खाऊ निघाला. दिवसभर त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. पुरावा नव्हता म्हणून सोडलं, पण मालकांनी कामावरून काढून टाकलं.

पुढं मोडनिंबची ती शेड पोलिसांना सापडली. पकडलेल्यांनी नवनाथचं नाव सांगितलं. कारखान्यातले सगळे म्हणाले, "आमाला वाटलंच हुतं." कुणाला काही वाटलं नव्हतं, मित्रांनो.

मला घरी आणलं तेव्हा मी नुसता सांगाडा होते. बरेच महिने जिन्याखाली पडून राहिले. अखेर प्रतिक्षानं दुसरी बॅटरी बसवली, मोडका पत्रा बदलला आणि आईला मागं बसवून मला थेट रुद्रप्पांच्या गावाला नेलं.

ते घरासमोर शेंगा फोडत बसले होते. मीनाबाई पाया पडायला वाकल्या, तसे त्यांनी पाय मागं घेतले.

"गाडी गावली व्हय? बरं झालं," ते म्हणाले.

"काका, माझं चुकलं. मालक बी म्हणत्यात, परत या."

रुद्रप्पा शेंगा फोडतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तंगी, पोलीस हितं बी आले हुते चौकशीला. साऱ्या गावानं बघितलं. चोर दुसराच निघाला, हे सांगायला कुणी आला न्हाय."

"मी सांगते. आत्ताच सांगते समद्यास्नी!"

"सांग की. पण माझ्या नातवाला शाळेत पोरं 'चोराचा नातू' म्हणतेत. तेंच्या तोंडाला कोण हात लावणार?"

मीनाबाई खरंच दारोदार गेल्या. प्रत्येक उंबऱ्याशी तेच सांगितलं. लोकांनी ऐकलं, मान हलवली. एक बाई म्हणाली, "आसंल बाई. पण इस्तवाशिवाय धूर निघतो व्हय?" मीनाबाई तिथून माघारी फिरल्या. त्या माझ्याजवळ आल्या आणि सीटवर डोकं टेकून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. आम्ही आवाज न करता चालतो आणि आवाज न करता चोरीला जातो. म्हणून गाडी खांबाला बांधा, चावी स्वतःपाशी ठेवा, आणि कुणी हसलं तर हसू द्या. कुलूप लावल्यानं कुणाचा अपमान होत नाही. अपमान काय असतो, हे भर अंगणात ज्याची वळकटी झाडली त्याला विचारा. आणि इतकं करूनही कधी चोरी झालीच, तर नाव घेण्याआधी थोडं थांबा. जो सर्वांत गरीब आहे आणि ज्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नाही, त्याचंच नाव ओठांवर आधी येतं.

परत निघताना रुद्रप्पा वेशीपर्यंत आले. मीनाबाईंनी पुन्हा एकदा विनवलं. त्यांनी फक्त हात जोडले. आम्ही डांबरी रस्त्याला लागलो, तेव्हा ते घराकडं वळले होते. मी सापडले, मित्रांनो. कारखान्याच्या दारावर मात्र रुद्रप्पा पुन्हा कधी आले नाहीत.