आपल्या वावरातली ढेकळं

माझी बायको कस्तुरा पौषात गेली. अक्षयतृतीयेला तिच्या नावाची पहिली घागर भरायची, म्हणून इगतपुरीहून लेक रुख्मिणी आणि जावई मारोतराव कामरगावला आले. जाताना मला कायमचं घेऊन जायचं, हेही दोघांनी ठरवूनच ठेवलं होतं. रुख्मिणीनं माझे कपडे गाठोड्यात बांधले.

मी नाही म्हणालो नव्हतो. थकलो होतो. सारा जन्म आभाळाकडं पाहण्यात गेला.

"आता तिकडचं अन् इकडचं सारं एकच राज्य झालं, मामा. इगतपुरी काही परकी नाही," मारोतराव म्हणाला. "अन् तिकडं घाटात ढग आला का पडतेच. लोकं आधीच कौलं शाकारून बसते. इथल्यासारखं नाही, नाल्याच्या अल्याड चिखल अन् पल्याड धूळ."

ते खरंच होतं.

आमच्याकडं त्या दिवशी घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात. जेठ, आखाड, श्रावण, भादवा. पाझरून जे भिजेल, त्या महिन्यात पाऊस. दरवर्षी कस्तुरा मांडायची आणि बहुतेक ते चुकायचं. एका साली आखाडाचं ढेकूळ पार विरघळलं, आणि पाऊस पडला तो शेजारच्या चंपतच्या वावरात. आमचं कोरडं. मी चिडवलं, तर म्हणाली, "ढेकूळच चंपतभाऊच्या धुऱ्यावरचं उचललं असंन मी. त्यानं त्याच्याच वावराचं सांगतलं."

तेव्हापासून ती धुरा, म्हणजे बांध, सोडून आपल्या वावरात मधोमध जाऊन ढेकळं आणायची.

सणाच्या सकाळी मारोतरावानं ढेकळं आणून ठेवली.

"कुठली हे?"

"सडकेच्या कडेची. मातीच ते, मामा. तुमाले आता कुठं पेरायचं हाय?"

रुख्मिणीनं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

मी उठलो. पौषापासून वावरात पाय ठेवला नव्हता. वांग्याची झाडं उभ्या उभ्या वाळली होती. मधोमध गेलो, चार ढेकळं धोतराच्या सोग्यात घेतली, आणि घरी येऊन घागर मांडली.

सांजेला पाहिलं. जेठ, आखाड ओले. श्रावण अर्धा. भादवा कोरडा.

"चुकतेच ते, बाबा," रुख्मिणी म्हणाली. "माय बी तर म्हणे."

"चुकते. पण चुकलं का नाही, ते पाहा लागते न. इगतपुरीहून या वावरातलं कसं दिसंन?"

"म्हंजे भादव्यापर्यंत?"

"हो."

"अन् मंग?"

"मंग पाहू."

गाठोडं सोडून रुख्मिणीनं माझी धोतरं परत दांडीवर टाकली.