दसऱ्याच्या पाटावरचा दाढीवाला

कळमेश्वरात बेसबॉल कोणी खेळत नाही, कोणी बघत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. तरी एमआयडीसीत सुपरवायझर असलेल्या जितेंद्रला अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवायचं वेड लागलं होतं. पत्त्याएवढा पुठ्ठा, त्यावर खेळाडूचा फोटो. हात साबणाने धुऊन, फक्त कडेला धरूनच तो उचलायचा. कोपरा दुमडला किंवा डाग पडला की कार्ड मातीमोल.

त्याचे वडील देवराव, रिटायर्ड फिटर. ते म्हणायचे, "ना स्टंप, ना पॅड. हे कोणतं क्रिकेट होय गा?"

एका संघाची सगळी कार्डं जितेंद्रने जमवत आणली होती. अडलं होतं फक्त पिचरपाशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापाशी. तो होता हिंगण्याच्या स्वानंदकडे. अख्ख्या जिल्ह्यात या नादाचे दोघंच, आणि दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य! बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर स्वानंद तयार झाला. त्याला पिचरच्या बदल्यात जितेंद्रकडचा दुसऱ्या संघातला दाढीवाला बॅटर हवा होता. अट एकच, कार्ड कोरं करकरीत पाहिजे. दसऱ्याच्या संध्याकाळी अदलाबदल ठरली.

त्या सकाळी जितेंद्र कंपनीत मशिनींच्या पूजेला गेला. जाताना दाढीवाला काढून टेबलावर ठेवला, तेवढीच चूक झाली. दुपारी परतला तर देवरावांनी पूजा मांडलेली. पाटावर पाने-पक्कड, हातोडी, मोटरसायकलची किल्ली, आणि मधोमध झेंडूच्या फुलांत दाढीवाला. कपाळावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट, दाढीवर अक्षता.

जितेंद्रच्या पायाखालची जमीनच सरकली. "बाबा! हे काहून केलं?"

"काहून म्हणजे? ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. माये पाने-पक्कड, तुये हे फोटो. रोज त्यायलेच तर घेऊन बसून राहतं!"

ओरडायला उघडलेलं तोंड जितेंद्रने मिटलं. ज्या नादाला बापाने आजवर नावंच ठेवली, तो आज त्याने स्वतःच्या पान्याशेजारी मांडला होता. जितेंद्रला रडू येत होतं, पण पिचर हातचा गेला म्हणून की बापासाठी, हे त्याचं त्यालाही कळेना.

संध्याकाळी स्वानंद आला. चिवड्याला हात न लावता त्याने भिंग काढलं आणि दाढीवाल्यावर धरलं.

"हे काय होय?"

"कुंकू. बाबांनी पूजा केली."

स्वानंदने नुसतं भिंग खिशात टाकलं. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं.

"आता तुयं तर दाखव," जितेंद्र म्हणाला.

स्वानंदने नाइलाजाने पाकीट उघडलं. पिचरच्या कपाळावर हळद आणि कुंकू, दोन्ही! "मायनं केलं," तो पुटपुटला. "मले वाटलं, संध्याकाळच्या उजेडात तुले दिसणार नाही."

"आन् वरून मलेच कोरं करकरीत मागून राहिला होता!"

दोघंही पोट धरून हसले. आता तर सौदा अगदी बरोबरीचा होता. जितेंद्रने दाढीवाला उचलला, पुढे केला, आणि हात तिथेच थांबला. कुंकवात देवरावांच्या बोटाच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या.

"नाही देता येत गा," तो म्हणाला.

स्वानंदने पिचर घाईघाईने खिशात घातला. "बरं झालं तूच बोलला. माय हे देवघरातच ठेवाचं म्हणून बसली आहे."

तेवढ्यात देवराव बाहेर आले. "झाली का अदलाबदल?"

"नाही, बाबा."

"मंग हा पोरगा हिंगण्याहून आला कायले?"

स्वानंदने गडबडून दारातल्या आपट्याच्या डहाळीची पानं तोडली आणि देवरावांच्या हातावर ठेवली. "सोनं द्याले आलो, काका."

जितेंद्रनेही पानं दिली आणि बापाच्या पाया पडला. अल्बममधला पिचरचा कप्पा रिकामाच राहिला. त्याचं दुःख त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, आणि भरपूर झालं.